नातवाच्या गाडीचा कॅम

गेल्या महिन्याच्या टपालात इंदुरातील एका आजींचे चार पानी पत्र आले. त्यांचा मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील टेक्सस राज्यात स्थायिक झाला. तेथेच वाढलेल्या एकोणीस वर्षांच्या नातवाने दोन उन्हाळे लोकांच्या अंगणातील गवत कापून पैसे साठविले आणि २००३ सालची एक जुनी शेव्हरोलेट सिल्व्हराडो पिकअप विकत घेतली. गवत कापण्याची यंत्रे एका ट्रेलरवर घालून तो ट्रेलर या गाडीला जोडावयाचा आणि गावभर कामे करीत हिंडावयाचे, असा त्याचा सुट्टीतला व्यवसाय. आता उरलेल्या पैशांतून गाडीच्या इंजिनात ‘मोठा कॅम’ बसवावयाचा त्याचा बेत आहे. वडिलांनी ‘चालत्या इंजिनाचे वाटोळे करू नकोस’ असे बजावले, मुलाने ‘तुम्हांला यातले काही कळत नाही’ असे उत्तर दिले, आणि गेले दीड महिने बापलेकांत बोलणे नाही. आजी विचारतात, “हा कॅम म्हणजे आहे तरी काय? आणि या दोघांत बरोबर कोण?”

मराठीच्या शिक्षकाकडे हा प्रश्न यावा याचे कोणास नवल वाटेल. परंतु घरातील भांडण ज्या वस्तूवरून जुंपले, ती वस्तू काय आहे हे घरातील वडीलधाऱ्या माणसास ठाऊक असू नये, हेच मला अधिक नवलाचे वाटते. आजींनी ते विचारले, हे उत्तम केले.

प्रथम शब्द पाहू. इंग्रजीतील ‘कॅम’ हा शब्द डच भाषेतील ‘काम’ या शब्दावरून आला. तिकडे त्याचा अर्थ फणी, आणि त्यावरून दातेरी चाकाचा दाता. आपल्या ‘कामा’शी त्याचे नाते नाही, बोजा मात्र त्याच्यावर भरपूर असतो.

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर असतो व त्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याच्या चार धावांत एक आवर्तन पुरे होते. पहिल्या धावेत तो खाली जाताना हवा व इंधन आत ओढतो, दुसरीत ते मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडून जळालेला वायू त्यास जोराने खाली लोटतो, आणि चौथ्या धावेत जळका वायू बाहेर घालविला जातो. हवा आत येण्यास एक झडप आणि धूर बाहेर जाण्यास दुसरी. या झडपा केव्हा उघडावयाच्या, किती उघडावयाच्या आणि केव्हा मिटावयाच्या, हे ठरविणारा लोखंडी दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्यावर अंड्याच्या निमुळत्या टोकासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडतो. नातवाच्या गाडीत आठ सिलिंडर आहेत, म्हणून सोळा उंचवटे. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची एक फेरी होते. इंजिन मिनिटास ५,२०० फेऱ्यांनी पळत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास २,६०० वेळा, म्हणजे सेकंदास त्रेचाळीसहून अधिक वेळा उघडते आणि मिटते.

शाळेच्या शिपायाची घंटा आणि हा दांडा यांचे काम एकच. एक वर्ग सभागृहाच्या मागच्या दाराने बाहेर पडतो आहे आणि दुसरा पुढच्या दाराने आत येतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मुले रमतगमत चालत असतील, तर आधीचा वर्ग पुरता बाहेर गेल्यावरच पुढचे दार उघडणे बरे; नाही तर दोन्ही वर्ग मध्येच एकमेकांत मिसळतात आणि काही मुले उलट मागे फिरतात. परंतु मुले धावत असतील, तर मागचे दार मिटण्यापूर्वीच पुढचे उघडावे, आणि सारे आत आलेसे वाटले तरी दार क्षणभर उघडेच ठेवावे, कारण रांगेचा ओघ आणखी चार मुलांना आत आणतो. इंजिनातील हवेचेही असेच आहे. हवेला वजन आहे, म्हणून तिला वेगही आहे आणि ओघही. दट्ट्या वर येऊ लागला तरी वेगाने येणारी हवा काही काळ आत शिरतच राहते. इंजिन जोरात पळत असताना आतली झडप उशिरा मिटली, तर सिलिंडर अधिक भरतो. तेच इंजिन संथ चालत असेल, तर त्या उघड्या दारातून दट्ट्या आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलून देतो, आणि दाबावयास आत कमी मिश्रण उरते.

ज्याला ‘मोठा कॅम’ म्हणतात, तो झडपा अधिक उंच उचलतो आणि अधिक वेळ उघड्या ठेवतो. घंटेचे वेळापत्रक धावणाऱ्या मुलांसाठी लावल्यासारखे.

कॅम विकणारे तीन आकडे छापतात. पहिला, झडप किती उंच उचलली जाते. दुसरा, किती अंश उघडी राहते. हे अंश क्रँकच्या फेरीचे असतात, आणि टॅपेट एक इंचाचा विसावा भाग, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलला गेल्यापासून मोजण्याची रीत आहे. तिसरा आकडा म्हणजे आत घेणारा उंचवटा व बाहेर टाकणारा उंचवटा यांच्या शिखरांमधील कोन. नातवाच्या गाडीतील ५.३ लिटर इंजिनाच्या मूळ कॅमचे आकडे असे: आतली झडप १९० अंश, बाहेरची १९१, दोहोंतील कोन ११४, आणि आतल्या झडपेची उचल ०.४६६ इंच, म्हणजे सुमारे पावणेबारा मिलिमीटर. हौशी मंडळींत प्रिय असलेला एखादा मोठा कॅम २२८ व २३० अंशांचा, ११२ च्या कोनाचा असतो.

या आकड्यांवरून दोन्ही झडपा एकाच वेळी किती उघड्या राहतात, याचा अंदाज पाटीवर मांडता येतो. दोन्ही अंशांची सरासरी घ्यावी आणि तिच्यातून कोनाची दुप्पट वजा करावी. मूळ कॅममध्ये साडेएकशे नव्वदातून २२८ गेले, उत्तर उणे साडेसदतीस; म्हणजे या मापाने दोन्ही झडपा एकत्र उघड्या नाहीतच. मोठ्या कॅममध्ये २२९ मधून २२४ गेले, अधिक ५. पाटीवर फरक साडेबेचाळीस अंशांचा, पण गाडीच्या स्वभावात तो जमीन-अस्मानाचा. संथ चालीत जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, एखादी ठिणगी वाया जाते, एखादी पेटते, आणि इंजिन उभ्या उभ्या लंगडत धडधडते. त्या धडधडीवरच अमेरिकेतील तरुण भाळतात. आजींच्या नातवासही सिग्नलला उभे असता तो आवाज निघावा असे वाटत असेल, तर त्यास मी हसणार नाही. आमच्या तरुणपणी बुलेट मोटारसायकलच्या आवाजासाठी रस्त्यात थांबणारे लोक मी पाहिले आहेत.

आता जोर आणि शक्ती यांतील भेद सांगितला पाहिजे, कारण बापलेकांचे सारे भांडण या भेदावर उभे आहे. इंजिन क्रँकला ज्या जोराने पिळते, त्यास टॉर्क म्हणतात. अमेरिकेत तो फूट-पौंडांत मोजतात. शक्ती म्हणजे तो जोर किती भराभर कामी येतो ते. जेम्स वॉटने एका घोड्याची शक्ती मिनिटास ३३,००० फूट-पौंड काम अशी ठरविली. त्यावरून हिशेब निघतो तो असा: जोरास मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ५,२५२ ने भागावे, म्हणजे अश्वशक्ती मिळते. नातवाच्या इंजिनाचा कारखान्याने दिलेला सर्वाधिक जोर ३२५ फूट-पौंड, ४,००० फेऱ्यांना. तेथे शक्ती होते सुमारे २४८. सर्वाधिक शक्ती २८५, ती ५,२०० फेऱ्यांना. उलटा हिशेब केला, तर तेथे जोर २८८ वर उतरलेला असतो. म्हणजे जोर घटत असतानाही केवळ फेऱ्या वाढल्यामुळे शक्तीचा आकडा फुगतो. मोठा कॅम हेच अधिक पुढे नेतो: वरच्या फेऱ्यांतील जोर वाढवितो, खालच्या फेऱ्यांतील काही काढून घेतो. जाहिरातीत मोठा आकडा छापला जातो तो वरचा. खालून काय गेले ते छापत नाहीत.

या मोठ्या कॅमचा जन्म कोठे झाला, हे कळले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांचे तळ मैलोगणती सपाट असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तेथे तरुण आपल्या जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वेग अजमावण्यास जात. एड विनफिल्ड नावाचा कारागीर त्यांचे कॅम घासून देई. त्याच परंपरेतील आर्मेनियन वंशाचे एड इस्केंदेरियन यांनी १९४६ मध्ये लॉस एंजलिसच्या परिसरात स्वतःचा कॅम घासण्याचा धंदा काढला. शेव्हरोलेटचे आठ सिलिंडरांचे छोटे इंजिन १९५५ च्या गाड्यांत आले. पुढच्याच वर्षी झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी त्यासाठी जो कॅम आखला, तो त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. १९५६ च्या जानेवारीत फ्लॉरिडातील डेटोना बीचच्या वाळूवर त्यांनी कॉर्व्हेट गाडी ताशी १५० मैलांहून अधिक वेगाने पळविली. नातवाच्या गाडीतील इंजिन त्याच घराण्यातले, १९९७ साली नव्याने आखलेल्या शाखेतले, आणि १९९९ च्या पिकअपांपासून ५.३ लिटरच्या आकारात आलेले. परंतु सरोवराच्या तळावर किंवा समुद्राच्या वाळूवर गाडीमागे ट्रेलर नसतो. सिग्नल नसतो. संथ चालीने कोणी जात नाही. जेथे इंजिन सदैव वरच्या फेऱ्यांतच राहते, तेथे खालचा जोर गेला तर कोण रडणार?

नातवाची गाडी कोठे राहते ते आता पाहू. मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.७३, चौथ्या गियरचे ०.७० आणि टायरचा व्यास सुमारे तीस इंच धरला, तर ताशी ६५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरांच्या वेगाला इंजिन मिनिटास अवघ्या १,९०० फेऱ्यांवर चालते. ट्रेलर ओढताना गाडी तिसऱ्या गियरमध्ये ठेवली, तरी २,७०० च्या आसपास. अंगणांच्या गल्ल्यांतून हिंडताना त्याहूनही खाली. म्हणजे या गाडीचे सारे आयुष्य ३,००० फेऱ्यांच्या आत जाते. ५,५०० फेऱ्या ती दिवसातून एखाद्या वेळी, महामार्गावर शिरताना, पाच सेकंद पाहील. आपल्याकडे मानपूरचा घाट चढणाऱ्या मालमोटारीला जे लागते, तेच या गाडीला लागते: खालच्या फेऱ्यांतील जोर. २२८ अंशांचा कॅम नेमका तोच कमी करील.

तेव्हा माझा कौल असा. आवाजाच्या मोहाने घेतलेला मोठा कॅम या गाडीला शोभणारा नाही, एवढ्यापुरते वडिलांचे खरे. परंतु कॅम बदलणे म्हणजे इंजिनाचे वाटोळे, हे खरे नव्हे. कारखान्याचा मूळ कॅम अतिशय सौम्य आहे; त्यात सुधारणेस जागा आहे. झडपा २०० ते २१० अंशांच्या आत उघड्या ठेवणारा, दोन शिखरांमधील कोन ११२ ते ११४ च्या दरम्यान राखणारा, ओझे ओढणाऱ्या गाड्यांसाठी म्हणून आखलेला कॅम घेतला, तर खालचा जोर फारसा न गमावता मधल्या फेऱ्यांत इंजिन मोकळे होते. आवाज थोडासाच बदलेल. तेवढी निराशा नातवाने सोसावी.

मात्र कॅमच्या किमतीला भुलू नये. नुसता दांडा काही शे डॉलरांत मिळतो, पण तो एकटा येत नाही. उचल वाढली की झडपांच्या जुन्या स्प्रिंगा पुरत नाहीत. एक तर त्यांची वेटोळी एकमेकांस टेकतात, किंवा वेगात असताना स्प्रिंग झडपेला वेळेवर परत आणू शकत नाही आणि झडप दट्ट्यावर आपटते. वडिलांना भय आहे ते वाटोळे होते ते येथे. वीस वर्षांच्या इंजिनात नव्या स्प्रिंगा घालणे हा खर्च नव्हे, ती अट समजावी. पुशरॉडची लांबी मोजून घ्यावी लागते. पुढच्या झाकणाची गॅस्केटे व सील नवी लागतात. क्रँकच्या पुढच्या टोकाचा मोठा बोल्ट एकदा ताणला की पुन्हा वापरावयाचा नसतो, तोही नवा. आणि गाडीच्या संगणकाला नव्या कॅमची ओळख करून द्यावी लागते, म्हणजे इंधन, ठिणगीची वेळ व संथ चालीतील हवा यांची कोष्टके जाणकाराकडून बदलून घ्यावी लागतात. या साऱ्याची बेरीज कॅमच्या किमतीपुढे सहज जाते.

मोठ्याच कॅमचा हट्ट धरला, तर आणखी एक खर्च उभा राहतो. स्वयंचलित गियरपेटी आणि इंजिन यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. मूळचा कन्व्हर्टर कमी फेऱ्यांतच पकड घेतो, त्यामुळे लंगडणारे इंजिन सिग्नलला उभे असता गियरशी झगडत राहते. म्हणून अधिक फेऱ्यांना पकड घेणारा ढिला कन्व्हर्टर बसवितात. तो ट्रेलर ओढताना अधिक घसरतो आणि गियरपेटीचे तेल तापवितो. टेक्ससच्या उन्हाळ्यात हे नको. शिवाय ज्या गाड्यांचे ब्रेक इंजिनाच्या निर्वाताच्या साहाय्याने चालतात, त्यांत मोठ्या कॅममुळे निर्वात घटून ब्रेकचा पाय जड होतो, याचीही चौकशी आधी करावी.

सुदैवाने या इंजिनाची रचना हौशी हातांना अनुकूल आहे. कॅमवर घासणारे सपाट टॅपेट नसून गडगडणाऱ्या चाकाचे आहेत, त्यामुळे जुन्या इंजिनांप्रमाणे नव्या कॅमला पहिला अर्धा तास ठरावीक फेऱ्यांवर पळवून मुरवावे लागत नाही. सिलिंडरांची डोकीही उतरवावी लागत नाहीत. रेडिएटर, पाण्याचा पंप, पुढची कप्पी व झाकण काढावे. रॉकर आणि पुशरॉड काढावेत. मग जुना कॅम हाताने दोनतीनदा फिरविला की टॅपेट वर ढकलले जाऊन आपापल्या प्लॅस्टिकच्या घरट्यांत अडकून बसतात, आणि दांडा पुढून ओढून काढता येतो. येथेच एक धोका आहे. वीस वर्षे तापून जुनी झालेली घरटी सैल पडलेली असतात. एखादा टॅपेट खाली घसरला, तर दोन दिवसांचे काम दोन आठवड्यांचे होते. त्यामुळे अनुभवी कारागीर कॅम काढण्यापूर्वी टॅपेटांच्या खाली आधाराच्या सळया सरकवून ठेवतात. नवा दांडा बसविल्यावर साखळीच्या दोन चाकांवरील ठिपके, वरच्याचा तळाशी व खालच्याचा माथ्यावर, समोरासमोर आणावयाचे. एक दाताही चुकला तर सारे वेळापत्रक कोसळते. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने दांडा सरळ धरावयाचा आणि दुसऱ्याने दिव्याने वाट दाखवावयाची. दुसरा माणूस घरातच आहे, हे आजींनी टेलिफोनवर नातवाला सुचवून पाहावे.

त्याआधी, एकही पैसा खर्च करण्यापूर्वी, आठही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा आणि तेलाचा दाब पाहावा. दाब असमान असेल, तर कॅमचा विचार सोडून दुरुस्तीचा करावा. दाब चांगला निघाला आणि ओढण्याची ताकद एवढीच खरी गरज असेल, तर मागच्या ॲक्सलचे गियर ३.७३ ऐवजी ४.१० चे करणे हाही मार्ग आहे. इंजिनाला हात न लावता चाकापाशी जोर सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, पेट्रोल मात्र थोडे अधिक जाते. माझ्या मते ट्रेलर ओढणाऱ्यास हा सौदा कॅमहून सरस. एकोणीस वर्षांच्या मुलास तो तितका गोड लागणार नाही, कारण ॲक्सल काही धडधडत नाही.

राहिली कायद्याची बाजू. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाडीच्या धूरनियंत्रण व्यवस्थेत ढवळाढवळ करण्यास मनाई केली, आणि १९९० च्या दुरुस्तीने ती मनाई गाडीच्या मालकासही लागू झाली. झडपांची वेळ बदलली की धूर बदलतो, म्हणून कॅम हा त्या कक्षेत येतो. टेक्ससमध्ये काही जिल्ह्यांतच धुराची तपासणी होते. कॅलिफोर्नियाचे हवा-संसाधन मंडळ मात्र फार कडक आहे. तेथे १९७६ व त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला तपासणीत उतरावयाचे, तर बाहेरून घेतलेल्या कॅमला मंडळाच्या मान्यतेचा क्रमांक असावा लागतो. तसा क्रमांक असलेले सौम्य कॅम बाजारात मिळतात, २२८ अंशांच्या लंगड्याला तो मिळणे कठीण. शिक्षण पुरे झाल्यावर नोकरीसाठी कॅलिफोर्नियात जाण्याचा नातवाचा विचार आहे, असे पत्रात ओझरते लिहिले आहे. गाडी बरोबर न्यावयाची असेल, तर क्रमांकाचा कागद त्याने पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा, आणि काढलेला जुना कॅम तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावा.